जुना संगणक, नवा संगणक आणि तिसरा पर्याय : महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या नूतनीकरणापूर्वी करावयाचे मोजमाप

गोषवारा : नवे संगणक खरेदी करण्यापूर्वी जुन्या व नव्या यंत्रांच्या कार्यक्षमतेची तुलना कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. प्रचलित तुलना दोन यंत्रांची असते. ती तीन यंत्रांची असावी, असे येथे प्रतिपादन आहे : आहे त्या स्थितीतील जुना संगणक, दुरुस्त केलेला जुना संगणक आणि नवा संगणक.

बीजसंज्ञा : संगणक प्रयोगशाळा, कार्यक्षमता-मापन, विंडोज १०, हार्ड डिस्क, एसएसडी, ई-कचरा.

प्रस्तावना :

मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै २०१५ मध्ये बाजारात आणलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. ज्या महाविद्यालयांनी २०१७ पूर्वी आपल्या प्रयोगशाळा उभारल्या, त्यांच्यापुढे यामुळे एकदम मोठ्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला आहे. पनवेल परिसरातील मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयेही याला अपवाद नाहीत. संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान विभागांपुरता हा विषय आता मर्यादित नाही. वाणिज्य शाखेतील टॅली, संख्याशास्त्राची प्रात्यक्षिके, ग्रंथालयाची सूची आणि परीक्षा विभागाचे गुणपत्रक हे सर्व त्याच यंत्रांवर अवलंबून असते. खरेदी समितीच्या बैठकीत मग पुरवठादाराचे दरपत्रक येते, त्यातील प्रोसेसरच्या पिढीचा आकडा मोठा असतो, आणि ‘जुने सगळे काढून टाकू’ असा ठराव होतो. या ठरावाआधी एक आठवडा मोजमापासाठी दिला, तर तोच निधी किती निराळ्या रीतीने खर्च करता येतो, हे पाहणे उद्बोधक ठरते.

पात्रता आणि कार्यक्षमता :

सर्वप्रथम दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. हा संगणक विंडोज ११ चालवण्यास पात्र आहे काय, हा एक प्रश्न. आणि हा संगणक आपल्या कामासाठी पुरेसा वेगवान आहे काय, हा दुसरा. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण एवढीच मागणी आहे. ती बहुतेक जुनी यंत्रे सहज पूर्ण करतात. अडते ते अन्यत्र. टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा, सिक्युअर बूटची सोय, आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर या त्या अटी होत. इंटेलची आठवी पिढी २०१७ मध्ये आली.

याचा परिणाम काही वेळा विचित्र दिसतो. जानेवारी २०१७ मधील कोअर आय-७ ७७०० हा चार गाभ्यांचा, ३.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला, स्वस्त लॅपटॉपसाठी बनवलेला, दोन गाभ्यांचा व १.१ गिगाहर्ट्झ मूळ वेगाचा सेलेरॉन एन-४००० मात्र यादीत आहे. कोणत्याही प्रत्यक्ष कामात यांपैकी पहिला दुसऱ्याहून कितीतरी वेगवान आहे, हे सांगण्यास प्रयोगाचीही गरज नाही. तेव्हा अपात्र म्हणजे मंद, हे समीकरण सोडून द्यावे लागते. अपात्रता हा सुरक्षेचा प्रश्न आहे आणि तो गंभीर आहे. परंतु त्याची उत्तरे निराळी आहेत व त्यांचा विचार पुढे केला आहे.

आकडा कोणता मानावा? :

कार्यक्षमतेच्या बाबतीत सर्वाधिक फसवणूक गिगाहर्ट्झचा आकडा करतो. २००४ च्या अखेरीस आलेला पेंटियम ४ (क्रमांक ५७०) ३.८ गिगाहर्ट्झचा होता. २००६ मधील कोअर २ ड्युओ ई-६६०० केवळ २.४ गिगाहर्ट्झचा. तरीही नवा प्रोसेसर बहुतेक कामांत जुन्यास मागे टाकत असे, कारण एका स्पंदनात तो अधिक काम उरकत असे आणि त्याला दोन गाभे होते. हाच न्याय आज ‘आय-३’, ‘आय-५’ या नावांना लागू आहे. २०११ चा आय-५ २४०० आणि २०२२ चा आय-३ १२१०० यांच्या नावांवरून पहिला वरचढ वाटतो. दोन्हींत गाभे चारच. परंतु दुसरा एकाच वेळी आठ धागे हाताळतो आणि प्रत्येक गाभ्याचा वेगही खूप अधिक आहे. नाव हे त्या त्या वर्षीच्या श्रेणीतील स्थान दर्शवते, कालातीत क्षमता नव्हे.

म्हणूनच प्रमाणित चाचण्या निर्माण झाल्या. १९७२ ची व्हेटस्टोन, १९८४ ची ड्राइस्टोन आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेच्या चाचण्या हा त्यांचा ढोबळ क्रम होय. सैद्धांतिक कमाल क्षमता व मोजलेली क्षमता यांतील अंतर किती असते, याचे आपल्या राज्यातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्यातील ‘एका’ हा महासंगणक. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेले हे यंत्र नोव्हेंबर २००७ च्या जागतिक ‘टॉप ५००’ यादीत चौथ्या क्रमांकावर होते. ते स्थान त्याला मिळाले ते लिनपॅक चाचणीत मोजलेल्या सुमारे ११८ टेराफ्लॉपमुळे. कागदावरील कमाल क्षमता सुमारे १७१ टेराफ्लॉप होती. क्रमवारी मोजलेल्या आकड्यावर लागली, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. महासंगणकाला जो नियम लागतो, तो प्रयोगशाळेतील डेस्कटॉपला लावण्यास हरकत नसावी.

चाचण्यांच्या निकालांची सरासरी काढतानाही एक खोच आहे. संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांना ती रोचक वाटेल. समजा, एका कामास जुन्या यंत्रावर १० सेकंद व नव्यावर ५ सेकंद लागले, तर दुसऱ्या कामास जुन्यावर १० व नव्यावर २० सेकंद लागले. नवे यंत्र पहिल्या कामात २ पट व दुसऱ्यात ०.५ पट वेगवान. अंकगणिती सरासरी १.२५. आता जुन्या यंत्राची नव्याशी तुलना उलट बाजूने केली तरी सरासरी १.२५ च येते. म्हणजे दोन्ही यंत्रे परस्परांहून २५ टक्के वेगवान! गुणोत्तरी मध्य घेतल्यास उत्तर १ येते व विसंगती नाहीशी होते. स्पेक गुणोत्तरी मध्य वापरते, त्याचे कारण हेच. परंतु प्रयोगशाळेसाठी याहून साधा मार्ग असा की सरासरी काढूच नये. प्रत्येक काम स्वतंत्रपणे मांडावे आणि कोणते काम आपल्याकडे किती वेळा होते, हे पाहावे.

वेळ जातो कोठे? :

जुना संगणक ‘हळू चालतो’ अशी तक्रार असते, तेव्हा बहुधा प्रोसेसर निष्क्रिय बसलेला असतो. तो वाट पाहत असतो, आणि ती वाट असते हार्ड डिस्कची. हे गणित समजून घेण्यासारखे आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद जातात. शीर्षास योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी सुमारे ९ मिलिसेकंद. एका विखुरलेल्या वाचनास अशा रीतीने सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला अशी ७५ ते ८० वाचने, त्याहून अधिक नाहीत. कार्यप्रणाली सुरू होताना अशा हजारो लहान वाचनांची गरज असते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने तेच वाचन सुमारे ०.१ मिलिसेकंदात होते.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो : एखाद्या कामाचा जो भाग आपण वेगवान करतो, त्याचा एकूण वेळेतील वाटा जेवढा, तेवढ्यापुरताच लाभ मिळतो. समजा, एखादा प्रोग्राम उघडण्यास ६० सेकंद लागतात. पैकी ४५ डिस्कची वाट पाहण्यात व १५ प्रोसेसरच्या कामात जातात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला, तर एकूण वेळ ५२.५ सेकंद होतो. प्रोसेसर कितीही वेगवान घेतला तरी ४५ सेकंदांखाली येणे नाही. याउलट प्रोसेसर तोच ठेवून साठवण दहापट वेगवान केली, तर वेळ १९.५ सेकंदांवर येतो. नव्या संगणकाचे जे कौतुक पहिल्या दिवशी होते, त्यातील मोठा भाग त्याच्यातील एसएसडीचा असतो. श्रेय मात्र प्रोसेसरच्या पिढीला मिळते.

यावर एक तांत्रिक आक्षेप नेहमी घेतला जातो. २०११ च्या सुमारास कार्यालयीन संगणकांत प्रचलित असलेल्या एच-६१ संचाच्या मदरबोर्डवर साटाची दुसरी आवृत्तीच आहे, मग एसएसडी बसवून उपयोग काय? आक्षेप अर्धा खरा आहे. ५५० एमबी प्रतिसेकंद वाचू शकणारी एसएसडी तेथे त्याच्या साधारण निम्म्या वेगाने चालेल. परंतु हा सलग वाचनाचा वेग झाला. रोजच्या कामात महत्त्व असते ते विखुरलेल्या लहान वाचनांना, आणि तेथील लाभ जवळजवळ पूर्ण मिळतो.

रॅमचे प्रकरण याच्याशीच निगडित आहे. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर ब्राउझरची काही पाने व एखादा संपादक एकत्र उघडला की रॅम भरते आणि कार्यप्रणाली डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरू लागते. म्हणजे पुन्हा तीच १३ मिलिसेकंदांची वाट. विंडोजमधील टास्क मॅनेजरचे ‘परफॉर्मन्स’ पान काम चालू असताना उघडून ठेवले, तर डिस्क १०० टक्के व प्रोसेसर १५ टक्के असे दृश्य दिसल्यास निदान झालेच असे समजावे. प्रोसेसर सातत्याने १०० टक्के असेल, तर मात्र एसएसडीने काही होणार नाही. अँड्रॉइड स्टुडिओ व त्यातील एम्युलेटर, चित्रफीत-संपादन, मोठ्या विदासंचावरील यांत्रिक अध्ययन या कामांत जुना प्रोसेसर खरोखरच तोकडा पडतो. तेथे नवे यंत्र घ्यावे आणि त्यात हात आखडता घेऊ नये.

मोजमापाची पद्धत :

तुलनेतील सर्वांत मोठा दोष असा की सहा वर्षे न आवरलेला जुना संगणक आणि कालच कार्यप्रणाली घातलेला नवा संगणक शेजारी ठेवले जातात. येथे दोन यंत्रांची नव्हे, तर आवरलेल्या व न आवरलेल्या घराची तुलना होते. यासाठी प्रयोगशाळेतील एका प्रातिनिधिक जुन्या यंत्राची दुरुस्ती करून तिसरा स्पर्धक तयार करावा. एसएसडी बसवावी, रॅम किमान ८ जीबी करावी, कार्यप्रणाली नव्याने घालावी. पंखा व उष्णताशोषक यांवरील धूळ काढून थर्मल पेस्ट बदलावी. पनवेल परिसरात गेले दशकभर महामार्ग, गृहसंकुले आणि विमानतळ यांची बांधकामे चालू राहिली आहेत, शिवाय कोकणातील पावसाळी दमट हवा. त्यामुळे ही पायरी अनावश्यक समजू नये. धुळीने कोंडलेला प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, आणि मोजणाऱ्यास तो जुनाटपणाचा दोष वाटतो. पावसाळ्यानंतर रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसणारा प्रयोगशाळा सहायक हे अनुभवाने जाणून असतो. समितीच्या बैठकीस त्याला बोलावण्याची पद्धत मात्र आढळत नाही.

कामे आपली निवडावीत. बटण दाबल्यापासून ब्राउझर वापरण्याजोगा होईपर्यंतचा वेळ, अभ्यासक्रमातील जावा किंवा पायथनचा एखादा प्रकल्प उघडून चालवण्याचा वेळ, टॅलीतील पूर्ण वर्षाच्या नोंदींचा ताळेबंद, कार्यालयातील मोठ्या एक्सेल पत्रकाची पुनर्गणना, ग्रंथालयातील शोध. तिन्ही यंत्रांवर फाइल तीच, आवृत्ती तीच. प्रत्येक काम पाच वेळा करून मध्यक घ्यावा. संगणक बंद करून सुरू केल्यानंतरची पहिली खेप व नंतरच्या खेपा यांची नोंद वेगळी ठेवावी, कारण दुसऱ्या खेपेस माहिती रॅममध्ये आधीच आलेली असते. पार्श्वभूमीस अद्ययावतीकरण किंवा विषाणू-तपासणी चालू नाही, याची खात्री करावी. साधे स्टॉपवॉच पुरेसे आहे. अर्ध्या सेकंदाचा फरक जेथे निर्णायक ठरतो, तेथे नवा संगणक घेण्याचे कारणच नाही.

जालजोडणीवर अवलंबून असलेली कामे स्वतंत्र मोजावीत. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांचे संगणकीय पडद्यावरील मूल्यांकन सुरू केले आणि त्या वर्षी निकाल काही महिने लांबले, हे आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. त्या विलंबाची कारणे अनेक होती व त्यांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. परंतु परीक्षकाच्या दृष्टीने त्यात एक साधे मोजमाप दडलेले आहे. ४० पानांच्या उत्तरपत्रिकेत प्रत्येक पान पडद्यावर येण्यास २ सेकंद अधिक लागले, तर एका उत्तरपत्रिकेमागे ८० सेकंद आणि ३० उत्तरपत्रिकांमागे ४० मिनिटे वाया जातात. ते २ सेकंद संगणकाचे आहेत, केंद्रातील स्विचचे आहेत की दूरच्या सर्व्हरचे, हे ठरवल्याशिवाय खरेदी केली तर नवे यंत्रही तितकीच वाट पाहील. तीच जोडणी व तेच पान घेऊन जुन्या व नव्या यंत्रावर वेळ सारखाच आला, तर पैसा जाळ्यावर खर्च करावा.

वेळेचा हिशेब विद्यार्थ्यांच्या बाजूनेही मांडला पाहिजे. ४८ मिनिटांच्या तासिकेत संगणक सुरू होऊन आज्ञावलीचा संपादक उघडेपर्यंत ७ मिनिटे जात असतील, तर सुमारे १५ टक्के तासिका संपली. हीच बाब ३० यंत्रांच्या प्रयोगशाळेत दर तासिकेस २१० विद्यार्थी-मिनिटे होते. नॅकच्या २०१७ नंतरच्या स्वयंअध्ययन अहवालात विद्यार्थी-संगणक गुणोत्तर हा निर्देशक होता. त्यात ही मिनिटे कोठेच दिसत नाहीत. सात मिनिटांत सुरू होणारा संगणक आणि अर्ध्या मिनिटात सुरू होणारा संगणक, दोघेही गणतीत एकच.

खर्चाची बाजू :

नवा संगणक वीज वाचवतो, हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. तो खरा आहे, पण त्याचे वजन तपासावे. समजा, नवे यंत्र जुन्याहून ४० वॅट कमी घेते, रोज ७ तास व वर्षातून २२० दिवस चालते. बचत ६१.६ युनिट, युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाला ६१६ रुपये. पाच वर्षांत तीन हजारांच्या आसपास. एवढ्या आधारावर खरेदी समर्थनीय ठरत नाही; यूपीएसवरील भार कमी होतो, हा लाभ कदाचित अधिक मोलाचा.

हिशेबवहीतील मूल्यही दिशाभूल करते. ४० टक्के दराने घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा धरल्यास पाच वर्षांनी संगणकाचे पुस्तकी मूल्य मूळ किमतीच्या ८ टक्क्यांहूनही कमी उरते. लेखापालाच्या दृष्टीने ते यंत्र संपले. परंतु ताळेबंदाचे प्रात्यक्षिक त्यावर अजून उत्तम होत असेल. दुरुस्तीच्या खर्चाबाबत एक सावधगिरी : २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमच्या किमती जगभर झपाट्याने वाढल्या, तेव्हा जुने दरपत्रक गृहीत धरू नये. बंद पडलेल्या दोन यंत्रांतील रॅम तिसऱ्यास बसवणे हा मार्ग अशा वेळी उपयोगी पडतो.

सुरक्षेचा प्रश्न राहिला. अपात्र परंतु पुरेशा वेगाच्या यंत्रांपुढे दोन मार्ग आहेत. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा-अद्ययावतीकरण शिक्षणसंस्थांना प्रतियंत्र पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ व तिसऱ्या वर्षी ४ डॉलर या दराने देण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केले होते. सर्व यंत्रे एकाच वर्षी बदलण्याऐवजी तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने बदलण्यास त्यामुळे अवधी मिळतो. दुसरा मार्ग लिनक्सचा. प्रोग्रामिंग, पायथन, आर, विदासंच-व्यवस्थापन यांच्या प्रात्यक्षिकांना तो निर्वेध चालतो. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स व लिब्रे ऑफिसचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. टॅलीसाठी मात्र विंडोजची काही यंत्रे राखावी लागतात. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रयोगशाळेची विभागणी अशी कामानुसार करणे हेच सर्वांत किफायतशीर आहे : जड कामांसाठी थोडी नवी यंत्रे, उरलेल्यांसाठी दुरुस्त केलेली जुनी.

काढून टाकावयाची यंत्रे :

मोजमापात जी यंत्रे दुरुस्तीनंतरही उणी ठरतील, ती भंगारवाल्यास वजनावर देण्याची प्रथा आता कायद्यात बसत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ नुसार मोठ्या वापरकर्त्या संस्थांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच सोपवावयाचा असतो. त्याची पावती जपून ठेवावी. लेखापरीक्षणात ती मागितली जाते. परीक्षा विभागातील व कार्यालयातील डिस्कवर विद्यार्थ्यांचे पत्ते, जातीचे दाखले, गुणपत्रके असतात. फाइल ‘डिलीट’ केल्याने ती पुसली जात नाही. हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण पुनर्लेखन करावे; एसएसडीसाठी उत्पादकाची सुरक्षित-पुसण्याची आज्ञा वापरावी, कारण तेथे पुनर्लेखनाने सर्व भाग पुसले जातीलच असे नाही.

आणि एक यंत्र सर्वांत शेवटी काढावे. बहुतेक महाविद्यालयांत वार्षिक अंकाची व जुन्या परिपत्रकांची अक्षरजुळणी युनिकोडपूर्व मराठी टंकांत झालेली असते. ते टंक, आणि काही वेळा त्यासोबतचे हार्डवेअर लॉक, कोपऱ्यातील एखाद्याच संगणकावर चालतात. त्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून छापील प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय तो संगणक हलवू नये.